उतारावरचे मूल : पाणलोट, कुरण आणि मराठी गद्यातील निसर्गशिक्षण

१

'पाणलोट' हा शब्द गेल्या अर्धशतकात मराठी गद्यात एका विशिष्ट अर्थाने रूढ झाला. कृषिखात्याच्या पुस्तिका, ग्रामविकासावरील पुस्तके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि शाळेतील 'परिसर अभ्यास' हा विषय यांतून तो इतका फिरला, की त्याच्यामागे जग पाहण्याची एक वेगळी रीत उभी आहे याचे भान फारसे उरले नाही. महसुली नकाशात गाव शिवेने ठरते. पाणलोटात ते उताराने ठरते. माथ्यावर पडलेले पाणी ज्या ज्या जमिनीवरून वाहत एका ओढ्याला मिळते ती सारी जमीन एक. मग तीत कोठे वनखात्याची हद्द असो, कोठे गायरान असो, कोठे कोणाची बागायत असो. माथ्यावर जे घडते त्याचे फळ पायथ्याला मिळते, आणि ते घडवणारे हात व फळ मिळणारे हात पुष्कळदा निरनिराळे असतात. म्हणून 'पाणलोट' ही संज्ञा स्थळाचे वर्णन करीत नाही. ती संबंध सांगते.

या संज्ञेभोवती मराठीत दोन प्रकारचे लेखन जमा झाले आहे. पहिला प्रकार ग्रामपरिवर्तनाच्या कथनाचा : दुष्काळाने खचलेले गाव श्रमदानाने पाणी अडवते आणि सावरते. दुसरा प्रकार मुलांसाठी केलेल्या निसर्गशिक्षणपर लेखनाचा : मुलांना वर्गाबाहेर, ओढ्याकाठी आणि माळावर नेऊन माती, पाणी व गवत यांचे नाते शिकवणारा. दोन्हींना 'उपयुक्त गद्य' म्हणून बाजूला ठेवण्याची समीक्षेची सवय आहे. ही सवय महागात पडणारी आहे. कारण याच गद्यात उतार कोणाचा आणि त्यावर कोण उभे राहील, याचा निवाडा होत असतो, आणि तो युक्तिवादाने क्वचितच होतो. शब्दांच्या जुळणीने, पात्रांच्या निवडीने आणि कथनाच्या आकाराने तो होतो. ज्या उतारावर मुलाला निसर्ग शिकवण्यासाठी न्यायचे, त्या उतारावर एक मूल आधीपासून होते. ते गुरे वळणारे मूल होते. या दोन मुलांपैकी एकाला पाणलोटाच्या कथनात प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याला बंदी झाली. हे कसे घडले, याचा शोध काही संहितांच्या आधारे येथे घ्यायचा आहे.

२

शालेय मराठीने घडवलेला निसर्ग हा मुख्यतः पाहण्याचा निसर्ग आहे. बालकवी ठोंबरे यांची श्रावणावरील कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली, आणि तिच्याबरोबर निसर्गाकडे पाहण्याची एक मुद्रा मुलांच्या मनात स्थिर झाली. बालकवींच्या प्रतिभेबद्दल येथे शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न शाळेने त्या प्रतिभेच्या केलेल्या उपयोगाचा आहे. पाठ्यपुस्तकात पाऊस सौंदर्य म्हणून येतो आणि भूगोलाच्या पुस्तकात मिलिमीटर म्हणून. या दोन्हींच्या मधला पाऊस, म्हणजे कोणाच्या तरी बांधावरून वाहून दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीत उतरणारा पाऊस, कोणत्याच तासाला येत नाही.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्याच्या संदर्भात असे दाखवले, की 'निसर्गदृश्य' या कल्पनेतच पाहणारा आणि राबणारा यांची फारकत गृहीत असते. आपल्याकडे या विचाराचे यांत्रिक रोपण करण्याचे कारण नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) मध्ये पाहणे हेच एक ज्ञान होते. तेथील नजर आळशी नाही, ती नोंद घेणारी, तुलना करणारी, झाडाला त्याच्या नावाने ओळखणारी नजर आहे. तरीही ती फिरणाऱ्याची नजर आहे, वळणाऱ्याची नव्हे. मराठी निसर्गलेखनाचा पुढचा मोठा भाग याच नजरेच्या वारशात घडला, आणि मुलांसाठीच्या निसर्गभ्रमणाने तोच वारसा अधिक सोप्या रूपात उचलला. सहलीला आलेले मूल वही घेऊन येते, पाहते, लिहून घेते आणि परत जाते. परत जाण्याची सोय हीच त्या मुलाची सामाजिक ओळख होय.

३

परत न जाणाऱ्या, म्हणजे माळावरच दिवस काढणाऱ्या मुलाला केंद्रस्थानी ठेवणारा प्रयोग महाराष्ट्रात फार पूर्वी झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो). ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीचे तत्त्व त्यांनी भारतीय परिस्थितीत मुरवलेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे जातात, हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच गुरांमागे नेली. या प्रयोगाला 'कुरणशाळा' असे नाव मिळाले. मूल अंगणात असेल तर अंगणवाडी आणि कुरणात असेल तर कुरणशाळा, इतका त्यामागचा विचार सरळ होता.

'कुरणशाळा' हा सामासिक शब्द वाचण्यासारखा आहे. त्यात 'कुरण' आधी आहे. शाळेची वेळ, जागा आणि बैठक हे सारे कुरणाच्या कामावरून ठरावे, असा अर्थ त्या शब्दक्रमात सुचतो. मुलाचे काम हा शिक्षणातील अडथळा न मानता शिक्षणाची जागा मानणारी ही दृष्टी १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या 'नयी तालीम' विचाराशी नाते सांगते. मात्र चरख्याऐवजी येथे गुरे आहेत, आणि बंद खोलीऐवजी उघडा उतार.

तथापि कुरणशाळेचा गौरव करून थांबणे हे समीक्षेचे काम नव्हे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे कथन सेवाभावी शिक्षिकेचे आहे, आणि त्या भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही त्यात आहेत. अशा कथनात ज्ञान बहुधा एकाच दिशेने वाहते : शिक्षिकेकडून मुलाकडे, वरून खाली. कोणते गवत कधी कापावे, कोणत्या ओहोळाला उन्हाळ्यात किती दिवस पाणी राहते, गुरे कोठे न्यावीत आणि कोठे नेऊ नयेत, हे वारली मुलाला आधीच माहीत असलेले उताराचे ज्ञान अभ्यासक्रमाच्या दर्जाला पोचत नाही. ते मूल शिकवण्याजोगे आहे, हे या परंपरेने ठामपणे मांडले. त्याच्याकडून शिकण्याजोगे काही आहे, हे मांडण्याची पाळी पुढच्यांवर राहिली.

शिवाय ते कुरण कोणाचे होते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्याच परिसरातील दुसऱ्या एका पुस्तकात आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे वारल्यांच्या लढ्याचे कथन. योगायोग असा, की त्या उठावाचे वर्षही १९४५ च. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला. एका पुस्तकातले कुरण मुलाला अक्षर शिकवण्याची जागा आहे, दुसऱ्यातले कुरण हे जमीनदार व ठेकेदार यांच्या ताब्यातील गवत आहे, ज्याच्या भावावर माणसे मरतात. ही दोन पुस्तके मराठी समीक्षेत निरनिराळ्या कप्प्यांत ठेवली गेली : एक शिक्षणविषयक आत्मकथन, दुसरे चळवळीचे साहित्य. ती एकत्र वाचली तरच 'कुरण' हा शब्द पुरा होतो.

४

माळ, मेंढरे, शाळा आणि दुष्काळ यांना एकाच कथनात आणणारी मराठीतील श्रेष्ठ कलाकृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमलेला तरुण मास्तर, मेंढरांमागे जाणारी मुले, त्यांना शाळेत आणण्याची खटपट, कारभाऱ्याचा आधार, सर्वांच्या श्रमातून उभी राहिलेली तालीम, आणि शेवटी पाऊस न पडल्याने रिकामी झालेली वाडी. कादंबरीच्या सौंदर्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे.

वाडीतील श्रमदानातून तालीम उभी राहते, तलाव नव्हे. माणदेशासारख्या अवर्षणप्रवण मुलखात सामूहिक श्रमाला मिळालेले हे वळण अर्थपूर्ण आहे. त्या काळाच्या कल्पनेत समाज घडवता येत होता, पाऊस मात्र दैवाधीन होता. माळावर पडून वाहून गेलेले पाणी हा वाडीच्या विचाराचा विषय नाही. न पडलेले पाणी हाच विषय आहे. मास्तर मुलांना अक्षरे देतो. पण वाडीभोवतीचा उतार त्याच्या शिकवण्यात येत नाही, आणि मुलांचे मेंढरांमागचे ज्ञान त्याच्या शाळेत येत नाही. शाळा आणि माळ एकमेकांशेजारी राहतात, एकमेकांना शिवत नाहीत. दुष्काळ येतो तेव्हा अपयश कोणाचेच नसते. कादंबरीची करुणा या निरपराधपणातून येते. तिचा काळही त्यातूनच ओळखू येतो.

१९७२ च्या दुष्काळाने हा निरपराधपणा संपवला. रोजगार हमी योजनेतून बंधारे, पाझर तलाव आणि ताली यांची कामे निघाली, आणि पाणी हा दैवाऐवजी नियोजनाचा विषय झाला. दुष्काळाच्या कथनात कर्ता आला. कर्ता आला म्हणजे श्रेय आले, आणि श्रेयाच्या पाठोपाठ दोषही आला. तो दोष कोणाच्या पदरी पडला, हे पुढच्या कथनाच्या भाषेत दिसते.

५

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील दोन गावे या कथनप्रकाराची मूळ उदाहरणे होत. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणला परतले. पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले. दोन्ही ठिकाणी माथ्यावर समतल चर, ओघळींवर दगडी बांध, खाली मातीनाला बांध आणि पाझर तलाव या क्रमाने कामे झाली, विहिरींना पाणी आले, स्थलांतर थांबले किंवा उलटले. हिवरे बाजारने कूपनलिकेने शेती भिजवण्यावर आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध घालून, उपलब्ध पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. या कामाचे मोल निर्विवाद आहे, आणि पुढील विवेचन त्याचे मोल कमी करण्यासाठी नाही.

या कामांवर जे लेखन झाले त्याचा आकार मात्र लोककथेचा आहे. आधी पतन, मग एका पुरुषाचे परतणे, मग गावाची परीक्षा, मग पाणी. पाणी हे येथे जलविज्ञानाचे फळ कमी आणि नैतिक शुद्धीचे फळ अधिक ठरते. राळेगणच्या प्रसिद्ध पंचसूत्रीची भाषाच पाहावी : नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. चार 'बंदी' एका ओळीत आल्या, की त्यांचा व्याकरणिक दर्जा समान होतो आणि व्याकरणाबरोबर नैतिक दर्जाही समान भासतो. दारू पिणे आणि शेळी चारणे एका पंक्तीला बसतात. नशा हे व्यसन आहे. चराई ही उपजीविका आहे. 'बंदी' या एका प्रत्ययवत् शब्दाने हा भेद पुसला गेला, आणि ज्याच्यापाशी जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, तो माणूस दुष्काळाच्या कथेत दोषी म्हणून दाखल झाला.

चराईबंदीमागे शास्त्र नाही असे मुळीच नव्हे. सतत चरलेल्या उतारावर गवताचे मूळ टिकत नाही, जमीन खुरांखाली घट्ट होते, पाणी मुरण्याऐवजी पळते आणि बरोबर माती नेते. काही पावसाळे उतार राखला की गवत येते, पाण्याचा वेग मोडतो, चर व तलाव गाळाने भरत नाहीत. पुढे तेच गवत कापून नेता येते, आणि गोठ्यातील दुभत्या जनावराला ते पुरते. दूध वाढते. पण दुभते जनावर ज्याला परवडते त्याला हा लाभ मिळतो. विहीर ज्याच्या शेतात आहे त्याला वाढलेल्या भूजलाचा लाभ मिळतो. राखलेल्या वर्षांची किंमत माथ्यावर चारणारा देतो. पाणलोट विकासाच्या अभ्यासकांनी हा विषम हिशेब वारंवार मांडला आहे. ग्रामपरिवर्तनाच्या लोकप्रिय कथनाने तो क्वचितच मांडला. 'लोकसहभाग' या शब्दातील 'लोक' एकसंध आहेत, असे गृहीत धरल्यावाचून त्या कथेचा शेवट गोड होत नाही.

हे गृहीत अटळ नव्हते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात उभारलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या आकाराला न जोडता माणसाला जोडला. कुटुंबातील माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला एक मर्यादा, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. येथे पाणलोटाच्या कथेत भूमिहीन हे पात्र हक्कदार म्हणून येते. या प्रयोगाला राळेगणसारखी लोककथा लाभली नाही, ही गोष्टही वाङ्मयीन दृष्ट्या विचारात घेण्यासारखी आहे. हक्काच्या वाटणीची गोष्ट सांगायला नायक पुरत नाही. तिला नियम, तंटे आणि तडजोडी लागतात, आणि आपल्या प्रेरक गद्याची त्यांच्याशी ओळख नाही.

६

उतार राखणे आणि चारणाऱ्याचा हक्क राखणे या गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे पाणलोटाचे प्रेरक गद्य नकळत मानून चालते. मराठी गद्याच्या परंपरेत याचे उत्तर या कथनप्रकाराच्या जन्माआधीच दिले गेले आहे. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नाल्यांना मिळावे अशा तऱ्हेने जागोजाग ताली व बंधारे घालावेत, आणि सरकारने त्या कामी लष्कर व पोलीस यांतील फावले हात लावावेत, अशी सूचना आहे. आजच्या परिभाषेत ही पाणलोट विकासाचीच कल्पना होय, आणि तिचा उल्लेख अलीकडे बऱ्याच ठिकाणी होतो.

ज्या भागाचा उल्लेख होत नाही तो असा : त्याच ग्रंथात फुले वनखात्यावर कोरडे ओढतात. डोंगर, दरे आणि गावांची गायराने सरकारी जंगलात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यांना रानात पाय ठेवायला जागा उरली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे, आणि गायराने गावांना परत द्यावीत ही मागणी. बांध आणि शेळी एकाच संहितेत, एकाच युक्तिवादात येतात. फुल्यांना यात विसंगती वाटत नाही, कारण त्यांच्या विचाराचा कर्ता उतार नव्हे. उतारावर जगणारा माणूस आहे. माती वाहून जाते ही आपत्ती त्या माणसाची म्हणून मोजली जाते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनातही त्यांनी हाच धागा ठेवला. कष्टकरी वर्गातील मुले शाळेत येत नाहीत, कारण गुरे राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला आईबापांना ती लागतात, हे कारण त्यांनी स्पष्ट नोंदवले आणि प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली. गुराखी मूल, शेतीचे शिक्षण, बांध आणि गायरान हे चारही दुवे दोन वर्षांच्या अवधीत एकाच लेखकाने गुंफले होते. पुढच्या शंभर वर्षांत ते सुटे झाले : मूल शिक्षणशास्त्राकडे गेले, बांध अभियांत्रिकीकडे, गायरान महसुलाकडे, आणि उताराचे सौंदर्य कवितेकडे.

७

आजचे बालकांसाठीचे निसर्गशिक्षणपर लेखन या सुट्या तुकड्यांपैकी दोनच हाती घेते : मूल आणि बांध. त्याचा नमुना म्हणून एक सर्वपरिचित प्रयोग घेता येईल. दोन पसरट डब्यांत माती भरायची, एकीत गवत उगवू द्यायचे, दुसरी उघडी ठेवायची. दोन्ही तिरप्या ठेवून झारीने सारखेच पाणी घालायचे आणि खाली पेले लावायचे. उघड्या मातीखालचा पेला लवकर भरतो आणि गढूळ असतो. गवताखालचा सावकाश भरतो आणि बराच निवळ असतो. शिक्षणाच्या दृष्टीने हा प्रयोग उत्तम आहे. धूप आणि मुरवण यांचे नाते मुलाला डोळ्यांनी दिसते, आणि मग त्याच उतारावर शिवारफेरी काढली की डब्यातली गोष्ट मोठी होऊन समोर उभी राहते.

पण कथन म्हणून हा प्रयोग काय सांगतो? त्यातले गवत कोणाचेच नाही. ते उगवते, माती धरते आणि कृतीच्या शेवटी 'निष्कर्ष' होते. ते कोणी कापत नाही, त्यावर कोणी चारत नाही, त्यासाठी कोणी भांडत नाही. गढूळ पेला हे दुष्कृत्याचे चिन्ह होते आणि त्या चिन्हाला कर्ता नसल्यामुळे मुलाचे मन तो सोयीने शोधते : शेळीवाला, लाकूडतोड्या, 'अडाणी गावकरी'. अशा रीतीने निर्दोष विज्ञानपाठ एका सामाजिक आरोपाची पूर्वतयारी करून ठेवतो. त्या वर्गात शेळीवाल्याचे मूलही बसलेले असू शकते, ही शक्यता संहितेच्या अभिप्रेत वाचकात धरलेली नसते.

ही शक्यता धरून अभ्यासक्रम रचता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, डोंगराळ मुलखात आहे. अल्मोडा येथील उत्तराखंड सेवा निधी या संस्थेच्या पुढाकाराने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 'हमारी धरती हमारा जीवन' हा अभ्यासक्रम तयार झाला. गावाची जमीन, जंगल, पाणी आणि पशू यांना एक व्यवस्था मानून मुले आपल्याच गावात मोजमाप करतात : घरात सरपण किती लागते, चारा किती लागतो, आणि गावची जमीन त्यातले किती पुरवते. गवताला येथे वजन आहे, आणि ते वजन कोणाच्या तरी डोक्यावर आहे. हिमालयातील गावांत ते बहुधा बाईच्या. आईचे ओझे मुलाच्या वहीत आकडा म्हणून उतरले, की 'निसर्ग' या शब्दातले परकेपण गळते. उताराची धूप हा दोषारोपाचा विषय राहत नाही. तो गरज आणि पुरवठा यांच्या तुटीचा, म्हणजेच विचाराचा, विषय होतो.

८

यावरून समीक्षेपुढे काही निकष उभे राहतात. पाणलोटविषयक गद्य कितपत प्रेरक आहे किंवा कितपत अचूक आहे, एवढे पाहणे पुरेसे नाही. त्यातील उतारावर कोणाला नाव आहे आणि कोण केवळ 'समस्या' म्हणून येते. त्यात ज्ञान कोणत्या दिशेने वाहते. बंदीची किंमत कोणी दिली याची नोंद संहितेत आहे की ती शेवटच्या हिरव्या वर्णनाखाली बुजली आहे, हे प्रश्न वाङ्मयीन आहेत, कारण त्यांची उत्तरे आशयापेक्षा रचनेत सापडतात. देशीवादी समीक्षेने भूमीचा उच्चार पुष्कळ केला. पण तिची भूमी बहुधा सपाट राहिली. उतार लक्षात घेतला, की भूमीला माथा आणि पायथा येतो, आणि 'आपली माती' म्हणताना कोणाची माती कोणाच्या शेतात जाऊन साचली, हेही विचारावे लागते.

२०१६ नंतर राज्यभर झालेल्या जलसंधारणाच्या स्पर्धांनी आणि श्रमदानाच्या मोहिमांनी मुलांना मोठ्या संख्येने उतारावर आणले. टिकाव-फावडे धरलेल्या मुलाचे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या चित्राविषयी उणे बोलण्याचे कारण नाही. स्वतःच्या गावचे पाणी कोठून येते हे ज्या पिढीला पायांनी ठाऊक झाले, ती पिढी मागच्यांपेक्षा शहाणी निघेल. त्या चित्राच्या कडेला, राखलेल्या कुरणाच्या बाहेर, शेळ्या घेऊन थांबलेले दुसरे मूल असते. ताराबाई आणि अनुताई यांनी शाळा त्याच्यापर्यंत नेली होती. आता शाळा उतारावर आली आहे, आणि उतार त्याला बंद आहे. पाणलोटाचे मराठी गद्य या दोन मुलांची भेट ज्या दिवशी घडवील, त्या दिवशी माथा आणि पायथा यांचे नाते त्याला खऱ्या अर्थाने कळले असे म्हणता येईल.